खिडकीतून दिसलेल्या वन्सं

बसमध्ये बसायला जागा मिळाली की वहिनी आधी चपला काढायची, तिकिटाचे पैसे मग. कंडक्टरलाही ते पाठ झालं होतं. तो तिला ओलांडून पुढे जायचा, बाकीच्यांची तिकिटं फाडून परत यायचा. तोवर तिचे सुजलेले पाय चपलांवर नुसते टेकलेले असायचे आणि डोकं खिडकीला.

तिला सगळी गल्लीच वहिनी म्हणायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि शिवाय कुणाचा पंखा अडला, कुणाची मोरी तुंबली की हातातला घास टाकून धावायचा. म्हणून तो सगळ्यांचा दादा, आणि दादाची बायको ती वहिनी. पोटच्या पोरीनंही लहानपणी ऐकून ऐकून आईला वहिनीच म्हणायला सुरुवात केली होती, ती सवय लग्न होऊन सासरी गेली तरी सुटली नव्हती.

काम इस्पितळाच्या लाँड्रीत. वाफेच्या गरम रुळांमध्ये ओल्या चादरी सारायच्या, पलीकडून निघाल्या की दोघींनी कोपरे धरून घडी घालायची, की लगेच पुढची. चादरींना अंत नव्हता, कारण माणसं काही आजारी पडायची थांबत नव्हती. पूर्वी ही लाँड्री इस्पितळाच्या तळघरात होती, घरापासून पायी जाण्यासारखी. मग वरच्यांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, त्यांनी ती उचलून शहराच्या पार टोकाला, कारखान्यांच्या भागापलीकडे नेऊन टाकली. बाकीच्या बायकांनी आकाशपाताळ एक केलं. वहिनी गप्प राहिली. कुणाला बोलून दाखवण्यासारखं नव्हतं, पण घरी चूल आणि कामावर रूळ यांच्या मधे तिला बसायला मिळायचं ते या बसमध्येच.

संध्याकाळी येताना ती झोपायची. सकाळी जाताना मात्र झोप यायची नाही, म्हणून बघत बसायची. पूल उतरला की कारखाने सुरू व्हायचे. आधी रबराचा जळका वास, घशात जाऊन बसणारा. मग बिस्किटांचा, गोड, ऊनऊन. त्या वासानं रोज भूक लागायची आणि पुढच्याच वळणावर कातडी कमावण्याच्या कारखान्यापाशी ती मरायची. भिंतींवर काचा लावलेल्या, पत्र्यांना गंज चढलेला. एका फाटकावरचा पहारेकरी गणवेशाचा शर्ट धुऊन दारातच वाळत घालायचा आणि शर्ट वाळेपर्यंत बनियनवर रुबाबात बसायचा. खोक्यांच्या कारखान्यासमोर माणसं आडवी-तिडवी ट्रकची वाट बघत असायची, हातगाडीवरच कुणाचा तरी डोळा लागलेला. वहिनीला त्या माणसाचा फार हेवा वाटायचा.

आणि मग रेल्वेचं फाटक. मालगाडी जायची असली की ते पडायचं, आणि मालगाडीला कसलीच घाई नसायची. बस तिथे उभी राहायची, ड्रायव्हर इंजिन बंद करायचा, आणि डाव्या हाताला, अगदी खिडकीसमोर, पिंपांचं आवार दिसायचं. निळी, तांबडी, काळी, लोखंडाची मोठमोठी पिंपं एकावर एक रचलेली. कारखान्यांतून रिकामी झालेली पिंपं इथे यायची. आतलं तेल, रंग, काय काय चिकटलेलं, ते कढत पाण्यानं आणि सोड्यानं धुऊन काढायचं, ठोकून पोचे सरळ करायचे, वरून नवा रंग मारायचा. धुणाऱ्या सगळ्या बायका. पायात गमबूट, अंगावर पिवळे रबरी एप्रन, डोक्याला फडकं, आणि भोवती वाफ.

अशाच एका सकाळी मालगाडी जात होती. एक बाई भरभक्कम पिंप त्याच्या काठावर तिरकं धरून, कमरेनं हलका रेटा देत, घरंगळत नेत होती. मान मात्र ताठ. मधेच ती थांबली आणि मनगटाच्या मागच्या बाजूनं चष्मा वर सारला.

वहिनी सरळ होऊन बसली. जगात चष्मा वर सारणाऱ्या बायका पुष्कळ असतील. पण बोट न लावता, मनगटानं, आणि वर समोरच्याचं काहीतरी चुकलंय अशा चेहऱ्यानं सारणारी बाई तिला एकच ठाऊक होती. त्या तिच्या वन्सं होत्या. नवऱ्याच्या थोरल्या बहीण.

आता वन्सं म्हणजे कोण, ते सांगायला हवं. लग्न होऊन आल्या आल्या पहिल्या आठवड्यात वन्संनी वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरून बोट फिरवलं होतं आणि ते बोट काही न बोलता सगळ्यांना दाखवलं होतं. वयानं मोठ्या, तरी त्याही तिला वहिनीच म्हणत, पण त्यांच्या तोंडी तो शब्द कुणी हजेरी घेतल्यासारखा यायचा. त्यांचं स्वतःचं लग्न फार टिकलं नाही. माहेरी परत यायचं नाही म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन एकट्या राहत, आणि रंगांच्या एका कंपनीत ऑफिसात काम करत. सासूबाईंना मुलीचं केवढं कौतुक! "आमची बेबी खुर्चीवर बसून काम करते," हे वाक्य गल्लीतल्या मांजरालाही माहीत होतं. पन्नाशी उलटलेली ती बाई सासूबाईंची अजून बेबीच होती.

आणि ती बेबी इथे गमबूट घालून पिंप ढकलत होती.

खोटं कशाला बोला, वहिनीला पहिल्यांदा बरं वाटलं. अगदी आतून, उकळी फुटल्यासारखं. लाँड्रीत पोचेपर्यंत तिच्या ओठांवर हसू होतं. दुपारी चादरींच्या वाफेत उभी असताना तिनं मनातल्या मनात ही गोष्ट चार प्रकारांनी सासूबाईंना सांगून पाहिली. पण संध्याकाळपर्यंत पाय इतके भरून आले की तो आनंद धरून ठेवायलाही अंगात त्राण उरलं नाही. बसमध्ये बसली आणि झोपली. घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "एवढा उशीर?" ती म्हणाली, "फाटक पडलं होतं."

महिन्यातून एका रविवारी वन्सं घरी यायच्या. तशा आल्या. कपड्यांना इस्त्री, केस चापूनचोपून बसवलेले, नखांना गडद रंग. वहिनीनं या खेपेला नीट पाहिलं. नखांच्या रंगाखाली कडेनं काळं दिसत होतं. बोटांना भेगा पडल्या होत्या आणि त्यांत मलम भरलेलं होतं. वन्संनी हात मांडीवरच्या पर्सखाली ठेवले होते.

"पडदे धुवायला झालेत," वन्सं म्हणाल्या.

एरवी वहिनीच्या मस्तकात तिडीक गेली असती. त्या दिवशी ती नुसती "हो" म्हणाली. जेवणं झाल्यावर वन्सं सवयीनं ताटं उचलायला उठल्या, तर वहिनीनं त्यांच्या हातातून ती काढून घेतली.

"राहू द्या वन्सं, मी करते."

"का? मी केलेलं चालत नाही का तुला?"

"सोड्याचं पाणी आहे," वहिनी बोलून गेली. वन्संनी तिच्याकडे रोखून पाहिलं. वहिनीनं नळ मोठा सोडला.

मग सकाळी बसमध्ये डावीकडची खिडकी धरायची तिला सवयच लागली. फाटक पडलेलं असलं तर नीट दिसायचं, नसलं तर धावतं दर्शन. कधी वन्सं पिंपात अर्ध्या आत वाकून घासत असायच्या, कधी रबरी नळी धरून उभ्या. एकदा मात्र वेगळंच दिसलं. चहाची सुट्टी असावी. चार-पाच बायका पालथ्या पिंपांवर बसल्या होत्या, मधे वन्सं. त्या काहीतरी सांगत होत्या, हातवारे करून, कुणाची तरी नक्कल असावी, आणि मग स्वतःच मांडीवर थाप मारून हसल्या. तोंड उघडून, सगळे दात दाखवून. काचेतून आवाज आला नाही, पण वहिनीला तो कानात ऐकू आल्यासारखा झाला.

ते तिला लागलं. आपल्या घरात ही बाई इतक्या वर्षांत अशी एकदाही हसली नाही. आपणही त्यांना कधी हसवलं नाही. आणि नक्कल कुणाची करत होत्या कोण जाणे. माझीच असेल, तिच्या मनात आलं, आणि मग तिला स्वतःलाच हसू आलं.

पुढे एक दिवस नजरानजर झाली. बस फाटकापाशी उभी, वन्सं कुंपणाच्या अगदी जवळ, तारेला फडकं वाळत घालत होत्या. वर पाहिलं. वहिनीनं मान फिरवायला हवी होती, पण तिला सुचलं नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग वन्संनी फडकं तसंच तारेवर टाकलं आणि पिंपांच्या थप्पीमागे निघून गेल्या. मालगाडी संपेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

त्या महिन्याच्या रविवारी त्या आल्या नाहीत. पुढच्याही नाहीत. सासूबाईंनी फोन केला की "ऑफिसात काम वाढलंय" म्हणायच्या. वहिनीनं केला तर उचलायच्याच नाहीत. सासूबाईंनी दोन दिवस कळ काढली आणि मग सूनबाईला धारेवर धरलं.

"तू काही बोललीस का तिला?"

"मी काय बोलणार?"

"मागच्या वेळी ताटं ओढून घेतलीस तिच्या हातातनं. मी बघितलं."

"आई, मी धुतली ती ताटं. पळवून नाही नेली."

नवऱ्याला सांगून बघावं म्हणून रात्री तिनं विषय काढला. "तुझ्या ताईंचं जरा…" एवढं ऐकूनच तो कुशीवर वळला. "तुमचं तुम्ही बघून घ्या बाई. मी दिवसभर दोरांना लोंबकळून आलोय." आणि घोरायला लागला. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेर काढणारा हा माणूस घरातल्या दोन बायकांच्या मधे कधी सापडला नव्हता.

तशात सासूबाईंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली आणि म्हातारीला जग नव्यानं दिसायला लागलं. भिंतीवरची पाल दिसली, दुधावरचा केस दिसला, सूनबाईच्या कपाळावरच्या आठ्या दिसल्या. "तू किती सुकलीस गं!" असं त्या पहिल्यांदाच म्हणाल्या.

महिन्याभरानं डोळा दाखवायला न्यायचं होतं. डोळ्यांचा दवाखाना बसच्या शेवटच्या थांब्यापाशी. म्हणजे पूल, रबर, बिस्किटं, कातडी, आणि फाटक. वहिनीनं रजा टाकली. आदल्या संध्याकाळी वन्संना तीनदा फोन लावला, सांगावं की उद्या जरा आतल्या बाजूला थांबा. एकदाही उचलला नाही.

बसमध्ये तिनं सासूबाईंना उजवीकडे बसवायला पाहिलं.

"इकडे ऊन नाही, इथे बसा."

"ऊन कुठाय? ढग आलेत." सासूबाई डावीकडच्या खिडकीत जाऊन बसल्यासुद्धा. "मला डोळा काय भिंतीकडे बघायला करून दिलाय?"

पूल उतरला आणि त्यांनी पाट्या वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. "आत येण्यास मनाई आहे. धूम्रपान करू नये. कामगार पाहिजेत. येथे गाडी लावू नये, चाकातली हवा सोडण्यात येईल. काय गं, खरंच सोडतात का?" पुढच्या सीटवरचा माणूस हसला. बिस्किटांच्या कारखान्यापाशी त्यांनी डोळे मिटून वास घेतला, मग उघडले. "इकडे रोज येतेस तू?" "हो." "आणि एवढ्या मजेचं काही सांगत नाहीस कधी घरी." वहिनीचं सगळं लक्ष पुढे होतं. ती मनात म्हणत होती, फाटक उघडं असू दे, फक्त आजचा दिवस उघडं असू दे.

ते पडलेलं होतं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

"जुनी पिंपं विकत घेतली जातील," सासूबाईंनी वाचलं. "धुतलेली पिंपं मिळतील. अगं, पिंपंसुद्धा धुवून…" आणि त्या थांबल्या.

वन्सं कुंपणाच्या आत, पाठमोऱ्या. हातात रबरी नळी. त्यांनी मान वळवली आणि मनगटानं चष्मा वर सारला.

सासूबाईंनी दुसरा, न केलेला डोळा झाकून पाहिलं. मग खिडकीची काच दोन्ही हातांनी खाली ओढली, डोकं बाहेर काढलं आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"बेबीऽऽ!"

बसमधली सगळी डोकी वळली. मागचा ट्रकवालाही वाकून बघायला लागला. आवारातल्या बायका थबकल्या. वन्संच्या हातातली नळी तशीच वाहत राहिली, पाणी गमबुटांवर पडत होतं.

"उतरव मला," सासूबाई उठल्याच.

"आजी, इथे स्टॉप नाही," कंडक्टर म्हणाला.

"माझी मुलगी आहे ना इथे, मग स्टॉप कशाला पाहिजे?"

कंडक्टरनं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं खांदे पाडले, चपलांत पाय घातले. त्यानं दार उघडलं.

चिखलातून, ट्रकांच्या मधून, सासूबाईंचा दंड धरून ती त्यांना आवाराच्या दारापर्यंत घेऊन गेली. एक जाडजूड बाई पुढे आली आणि आत वळून ओरडली, "ए कलेक्टर! तुझ्याकडे पाहुणे आलेत!" वन्संना इथे कलेक्टर म्हणत होत्या तर. ते नाव इतकं चपखल होतं की वहिनीला त्याही अवस्थेत ते पटलं.

वन्सं आल्या. आईकडे त्यांनी पाहिलंच नाही. तिच्या खांद्यावरून वहिनीकडे बघत म्हणाल्या, "आणलंस ना शेवटी? समाधान झालं?"

वहिनीला रडू आलं नाही, रागही आला नाही. तिला फक्त कुठेतरी टेकावंसं वाटलं. "वन्सं," ती म्हणाली, "असले डाव रचायची ताकद माझ्यात असती ना, तर मी ती वाचवून दोन तास झोपले असते. काल तीनदा फोन केला तुम्हाला. उचलला असतात तर आज तुम्ही आत थांबला असतात."



सासूबाईंनी तेवढ्यात मुलीचा हात पकडला होता. नव्या डोळ्याजवळ नेऊन त्या बोटं एकेक करून बघत होत्या. "हे कशानं झालं?"

"सोड्यानं."

"कधीपासून आहेस इथे?"

"दोन वर्षं होतील. ते ऑफिस बंद केलं त्यांनी. माझ्या वयाच्या बाईला कुणी दारात उभं करेना. इथे घेतलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? तू साऱ्या गल्लीला सांगत सुटली होतीस. दर महिन्याला घरी आले की कुणीतरी दारात विचारायचं, काय बेबीताई, ऑफिस कसं चाललंय. मला तोंड उघडायलाच जागा ठेवली नाहीस तू."

"म्हणून खोटं बोललीस? आईशी?" सासूबाईंचा आवाज चढला. "एवढी शिकवली तुला, ती काय ही असली घाण उपसायला? असली कामं काय आपल्यासारख्यांनी…"

भोवती बायका उभ्या होत्या. कुणी एप्रनला हात पुसले, कुणी दुसरीकडे बघितलं. वन्संचा चेहरा लाल झाला. "आई, हळू बोल. या माझ्या मैत्रिणी आहेत," त्या म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांच्या तोंडून वहिनीनं पहिल्यांदा ऐकला.

सासूबाईंना आपण काय बोललो ते कळलं. त्या जाडजूड बाईकडे बघत त्या पुटपुटल्या, "तसं नव्हतं म्हणायचं मला." मग तिथेच, उभ्या उभ्या, लहान पोरासारख्या रडायला लागल्या. डोळ्यांतून पाणी काढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वहिनी पदर, रुमाल काही सापडतो का बघत राहिली, पण त्या जाड बाईनं आधीच एक पिंप पालथं घालून फडक्यानं पुसलं होतं. "बसा आजी. रडायचंय तर बसून रडा. आम्हीपण पहिल्या दिवशी रडलो सगळ्या."

त्या बसल्या. तेवढ्यात आतून मुकादमानं शिट्टी मारली. वन्सं क्षणभर घुटमळल्या. "मला जायला हवं. नाहीतर अर्धा दिवस कापतील."

"जा तू," सासूबाई नाक पुसत म्हणाल्या. "मी बघते इथून."

आणि खरंच त्या बघत बसल्या. मुलगी कढत पाणी कसं सोडते, पिंप कसं आडवं पाडते, आत वाकून घासते, उभं करते, रेटा देऊन कसं नेते. शेजारच्या पिंपावर वहिनी बसली होती. मालगाडी गेली, बस गेली, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळही गेली. एकदा वन्संच्या हातून पिंप निसटलं, तर सासूबाई "अगं अगं!" करत अर्ध्या उठल्या. वन्संनी पायानं अडवलं. सासूबाई परत बसल्या. "दणकट आहे हो," एवढंच म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये त्यांनी एकही पाटी वाचली नाही. पूल आला तेव्हा विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू बोलली नाहीस."

"तुम्ही माझं ऐकलं असतंत?"

सासूबाईंनी विचार केला. "नसतं ऐकलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं असतं, जळतेस तिच्यावर." मग सुनेच्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेल्या. वहिनीचा खांदा आधीच दुखत होता, पण तिनं तो काढला नाही.

यानंतर सगळं गोडीगुलाबीनं झालं असं नाही. आठवडाभर सासूबाई कुणाशी धड बोलल्या नाहीत. गल्लीत कुणी बेबीची चौकशी केली की "बरी आहे" म्हणून दार लोटून घ्यायच्या. मग एका संध्याकाळी त्यांनी मुलाला समोर बसवलं आणि सांगितलं, "बेबीला इकडे राहायला आण. एवढ्या लांबून यायचं-जायचं, त्यात एकटी. माझ्या खोलीत झोपेल." दादानं बायकोकडे पाहिलं. या वेळी मात्र वहिनीनं त्याला कुशीवर वळू दिलं नाही. "जा की," ती म्हणाली. "आणि येताना त्यांचं सामान तू उचल. त्यांच्या हातांना लागतं."

वन्सं आधी नाही म्हणाल्या, मग विचार करते म्हणाल्या, मग एका रविवारी दोन पिशव्या आणि गमबूट घेऊन आल्या. घर काही मोठं झालं नाही. सकाळी मोरीवरून खटके उडायला लागले. वन्संची फळीवरून बोट फिरवायची सवय गेली नव्हती, आणि वहिनीही आता ऐकून घेत नव्हती. "दिसली धूळ तर पुसा की, फडकं तिथेच आहे," असं ती एकदा म्हणाली. वन्संनी फडकं घेतलं, पुसलं. नंतर वहिनीनंच त्यांच्या भेगांना मलम लावून दिलं, लाँड्रीत बायका लावतात ते, चादरींच्या वाफेवर उतारा म्हणून.

दोघी आता एकाच बसनं जाऊ लागल्या. सकाळी वन्सं फाटकापाशी उतरायच्या. कंडक्टर न सांगता बस हळू करायचा. संध्याकाळी वहिनी शेवटून यायची, त्या फाटकापाशी चढायच्या. पहिले काही दिवस खिडकीच्या जागेवरून वाद झाला. तो मिटला नाही, पण ज्या दिवशी जी जास्त दमलेली दिसेल तिला दुसरी खिडकी द्यायची, असं आपोआप होत गेलं. फार बोलायच्या नाहीत. काय बोलणार? अंगात बोलण्याइतकं काही उरलेलंच नसायचं. एकदा मात्र वहिनीनं विचारलं, "वन्सं, तिकडे त्या बायकांना तुम्ही कुणाची नक्कल करून दाखवत होता?"

"कधी?"

"हसत होता ना, खूप. मी बघितलं होतं."

वन्संनी आठवायचा प्रयत्न केला. मग त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. "मुकादमाची," त्या म्हणाल्या. जरा थांबून पुढे, "आणि थोडी आईची."

"माझी नाही?"

"तुझी काय करणार? तू तर कायम झोपलेली असतेस."

परवाची गोष्ट. दिवसभर दोघींचंही फार झालं होतं. लाँड्रीत रूळ बिघडला म्हणून हातानं इस्त्र्या, आणि आवारात पिंपांचे तीन ट्रक एकदम आलेले. बस फाटकापाशी थांबली तेव्हा वहिनी पेंगत होती. वन्सं येऊन शेजारी आदळल्या. "सरक," म्हणाल्या, आणि चपला काढल्या. बिस्किटांचा वास आला की नाही, ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

कुणीतरी खांदा हलवला तेव्हा बस रिकामी होती. बाहेर बसडेपो, रांगेनं उभ्या बसगाड्या, झाडूवाला. कंडक्टर समोर उभा होता.

"ताई, तुमचा स्टॉप केव्हाच गेला. मी दोनदा हाक मारली. मग म्हटलं, झोपू दे."

वन्संनी चष्मा वर सारून बाहेर पाहिलं. मग वहिनीकडे. "तू जागी राहायचं ना!"

"आज तुम्ही खिडकीत होता. खिडकीतल्यानं लक्ष ठेवायचं."

"असं कुणी ठरवलं?"

"मी. आत्ता."

वन्सं हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग मांडीवर थाप. वहिनीला वाटलं, यात एवढं काय हसण्यासारखं आहे. आणि तीही हसायला लागली, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कंडक्टर चक्रावून दोघींकडे बघत उभा होता. परतीची बस वीस मिनिटांनी सुटणार होती. वहिनीनं घरी फोन लावला. दादानं उचलला.

"आम्हाला उशीर होतोय," ती म्हणाली. "आईंना जेवायला वाढ, तूही जेव. आमच्यासाठी झाकून ठेव."

"काय झालं? फाटक पडलं का?"

"नाही. झोप लागली," वहिनी म्हणाली आणि फोन बंद करून तिनं पाय समोरच्या रिकाम्या सीटवर लांब केले. वन्संनीही केले.